स्यूडोप्रोटिएज: न कापणाऱ्या प्रोटिएजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्यूडोप्रोटिएज म्हणजे नेमकं काय?

प्रथिनं कापणारी विकरं म्हणजे प्रोटिएज. त्यांची घराणी आहेत, आणि एका घराण्यातल्या प्रथिनांची घडी सारखी असते. पण या घराण्यांत असे सदस्य सापडतात ज्यांची घडी तीच, अमिनो आम्लांचा क्रमही ओळखू येईल इतका जुळता, फक्त कापण्यासाठी लागणारी मोक्याची अमिनो आम्लं बदललेली असतात. त्यामुळे ते कापत नाहीत. अशा निष्क्रिय नातलगांना स्यूडोप्रोटिएज म्हणतात. प्रोटिएजची वर्गवारी करणाऱ्या मेरॉप्स या डेटाबेसमध्ये त्यांची नोंद त्या त्या घराण्यातच होते, पण ‘पेप्टिडेज (म्हणजे प्रोटिएज) नसलेले नातलग’ म्हणून.

‘निष्क्रिय’ हा शब्द इथे फक्त कापण्यापुरता घ्यायचा. यातली बरीचशी प्रथिनं पेशीत भरपूर कामात असतात.

मग झायमोजेन, स्यूडोजीन आणि स्यूडोप्रोटिएज यांत फरक काय?

झायमोजेन हे झोपलेलं विकर. ट्रिप्सिनोजेनचा पुढचा तुकडा कापला की ट्रिप्सिन जागं होतं. स्यूडोजीनपासून कामाचं प्रथिन बहुधा तयारच होत नाही. इनहिबिटर (विकराला अडवणारा रेणू) चिकटलेलं विकर तो सुटला की पुन्हा कापू लागतं. स्यूडोप्रोटिएज पूर्ण तयार होतं, नीट घडी घेतं, जागच्या जागी पोचतं, आणि तरीही कापत नाही.

गोंधळ होतो तो एचजीएफसारख्या प्रथिनांमुळे. हा यकृतपेशींना वाढीचा संदेश देणारा घटक प्लाझ्मिनोजेनचा (रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या प्लाझ्मिनच्या झायमोजेनचा) नातलग आहे. त्याच्या प्रोटिएजसारख्या भागात कापायला लागणाऱ्या हिस्टिडीनच्या जागी ग्लुटामिन आणि सिरीनच्या जागी टायरोसिन आहे, म्हणजे धार गेलेलीच. तरीही आर्जिनिन ४९४ आणि व्हॅलिन ४९५ यांच्यामध्ये कापल्याशिवाय तो कामाला लागत नाही. न कापलेला एचजीएफ मेट या रिसेप्टरला चिकटतो, पण संदेश उठत नाही. तलवार बोथट, तरी म्यानातून काढावीच लागते! पेशींवर एचजीएफ टाकून काहीच घडलं नाही, तर आधी रिड्यूसिंग जेल (डायसल्फाइड बंध तोडून तुकडे आकारानुसार वेगळे करणारी) चालवा. सुमारे ९० किलोडाल्टनचा एकच पट्टा दिसला तर तो न कापलेला आहे. कापलेला असेल तर साठीच्या घरात एक आणि तिशीच्या घरात एक असे दोन पट्टे दिसतात.

काय गेलं की धार जाते?

ते घराण्यावर अवलंबून आहे. ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिनच्या एस१ घराण्यात हिस्टिडीन ५७, ॲस्पार्टेट १०२ आणि सिरीन १९५ हे त्रिकूट लागतं (हे क्रमांक कायमोट्रिप्सिनचे, घराण्यातलं कुठलंही प्रथिन असलं तरी हेच वापरायची पद्धत आहे). पेशीच्या आत्मघातात कापणाऱ्या कॅस्पेजमध्ये सिस्टीन आणि हिस्टिडीन. पेशीच्या पृष्ठभागावर कापणाऱ्या ॲडम घराण्यात झिंक धरून ठेवणारी तीन हिस्टिडीन आणि त्यांच्यातलं एक ग्लुटामेट. पेशीतली नकोशी प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटिएसोम या यंत्रात बीटा उपघटकाच्या सुरुवातीचं थ्रिओनिन.

हॅप्टोग्लोबिन जवळून पाहू. रक्तातलं हे प्रथिन, एस१ घराण्याची घडी, पण हिस्टिडीन ५७ च्या जागी लायसिन आणि सिरीन १९५ च्या जागी ॲलानिन. सिरीनचा ऑक्सिजन पेप्टाइड बंधावर हल्ला करतो आणि हिस्टिडीन त्याचा प्रोटॉन उचलून घेतो. ॲलानिनकडे हल्ला करायला ऑक्सिजनच नाही, लायसिनला हिस्टिडीनची प्रोटॉनची देवघेव जमत नाही. बाकी ढाचा मात्र तसाच आहे, आणि त्याच्याच वळशांचा उपयोग हॅप्टोग्लोबिन हिमोग्लोबिन पकडायला करतं.

कापत नसेल तर पेशी ते सांभाळते कशाला?

कारण प्रोटिएजची घडी मुळात पकडण्यासाठीच घडलेली असते. कापण्याआधी समोरचं प्रथिन नेमकं ओळखून धरावं लागतं. जनुकाची दुसरी प्रत तयार झाली आणि पहिली प्रत कापायचं काम सांभाळत राहिली, की दुसरीची कापण्याची ताकद गेली तरी पकड उरते. त्या पकडीचे उपयोग वेगवेगळे झाले.

पहिला उपयोग भंगार उचलण्याचा. लाल पेशी फुटल्या की सुटं हिमोग्लोबिन मूत्रपिंडाला त्रास देतं. हॅप्टोग्लोबिन त्याला अतिशय घट्ट धरतं आणि ती जोडी मॅक्रोफेज या भक्षक पेशींवरचा सीडी१६३ हा रिसेप्टर आत ओढून घेतो. या व्यवहारात हॅप्टोग्लोबिनही खर्ची पडतं, म्हणून लाल पेशी मोठ्या प्रमाणावर फुटत असतील तर रक्तातली त्याची पातळी घसरते. डॉक्टर ती तपासायला सांगतात ते याचसाठी.

दुसरा, सख्ख्या भावंडाला आवर घालण्याचा. सी-फ्लिप हा कॅस्पेज-८ चा नातलग, १९९७ पासून माहीत असलेला. कॅस्पेजच्या सिस्टीनच्या जागी याच्याकडे टायरोसिन आहे. कॅस्पेज-८ दोन-दोनच्या जोडीत जागं होतं आणि पेशीला आत्मघाताकडे नेतं. जोडीदार म्हणून दुसऱ्या कॅस्पेजऐवजी सी-फ्लिप येऊन बसला की गणित बदलतं. सी-फ्लिपच्या लांब रूपाशी जमलेली जोडी थोडं कापते, तेही जवळपासचंच, आणि पेशी मरत नाही. सी-फ्लिपच्या आखूड रूपाला कॅस्पेजसारखा भागच नाही, ते सरळ अडवतं. लांब रूप थोडं असताना कॅस्पेज-८ ला चालना देतं आणि जास्त झालं की रोखतं. त्यामुळे ‘सी-फ्लिप मारक की तारक’ या वादात प्रमाण न सांगता बोलणाऱ्यांचं फारसं मनावर घेऊ नये.

तिसरा उपयोग पोचवण्याचा. पेशीच्या पडद्यात राहून कापणाऱ्या रॉम्बॉइड प्रोटिएजचे निष्क्रिय नातलग म्हणजे आयरॉम १ आणि आयरॉम २. ॲडम १७ हे विकर पेशीच्या पृष्ठभागावरून टीएनएफ हा दाहाचा संदेश देणारा रेणू कापून सोडतं. पण तयार झाल्यावर एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून पुढे सरकायला त्याला आयरॉमची सोबत लागते. आयरॉम २ नसलेल्या उंदरांचे मॅक्रोफेज जिवाणूच्या विषाने चेतवले तरी टीएनएफ जवळपास सोडत नाहीत. हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. ज्याला स्वतःला कापता येत नाही तोच कापणाऱ्याला कामावर नेऊन सोडतो.

चौथा, ढाचा उभा ठेवण्याचा. मायटोकाँड्रियात येणाऱ्या प्रथिनांचा पत्त्याचा तुकडा कापणाऱ्या विकरात दोन उपघटक असतात. बीटा कापतो, अल्फा कापत नाही पण समोरचं प्रथिन ओळखायला तोच लागतो. सस्तन प्राण्यांच्या प्रोटिएसोममध्ये सात प्रकारच्या बीटा उपघटकांपैकी तीनच कापतात. हरितलवकांतल्या क्लिप प्रोटिएजमध्ये क्लिप-आर नावाचे त्रिकूट हरवलेले उपघटक कापणाऱ्या उपघटकांच्या शेजारी कड्यात बसतात.

काही तर घराणं सोडून गेल्यासारखे वाटतात. डीपीपी६ आणि डीपीपी१० हे पोटॅशियम चॅनेलचे जोडघटक झालेत. ॲडम २२ मेंदूतल्या सिनॅप्सवर एलजीआय१ या प्रथिनाला धरतो, आणि एलजीआय१ मध्ये बिघाड असलेल्या कुटुंबांत अपस्मार आढळतो. पेशीत लोह नेणाऱ्या ट्रान्सफेरिनचा रिसेप्टरसुद्धा झिंकवर चालणाऱ्या पेप्टिडेजचाच नातलग आहे.

त्रिकूट शाबूत आहे, म्हणजे प्रोटिएज सक्रियच ना?

नाही. रक्तात कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या लिपोप्रोटीन(ए) या कणातल्या ॲपो(ए) या प्रथिनाचा प्रोटिएजसारखा भाग प्लाझ्मिनोजेनशी खूप जुळतो आणि त्रिकूटही आहे. पण प्लाझ्मिनोजेनला जागं करताना ज्या आर्जिनिन ५६१ पाशी कापतात, तिथे ॲपो(ए) मध्ये सिरीन आहे. तिथे कापलंच जात नाही, त्यामुळे नवं टोक मोकळं होऊन आत ॲस्पार्टेट १९४ शी जुळणं आणि कापणारी जागा आकार घेणं हे पुढचं काही घडत नाही.

पीसीएसके९ तर आणखी गमतीचा. तो आयुष्यात एकदाच कापतो, तेही स्वतःला. कापलेला तुकडा जागेवरच अडकून राहतो आणि पुढे तोंड बंद. नंतर एलडीएल रिसेप्टरला (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल पेशीत घेणाऱ्या प्रथिनाला) धरून पेशीच्या कचराकुंडीकडे नेणं हे त्याचं काम कापण्यावाचून चालतं. काटेकोर बोलायचं तर हा स्यूडोप्रोटिएज नव्हे, पण वागणूक तशीच.

असे नातलग किती असतात?

फळमाशीत चांगले मोजले गेलेत: एस१ घराण्याची २०४ जनुकं, त्यातली ५७ निष्क्रिय नातलगांची. चारात एकाहून जास्त! कीटकांच्या रोगप्रतिकारात जखमेवर काळा थर धरवणाऱ्या साखळीत असे काही न कापणारे सदस्य सहकारी म्हणून लागतात. माणसात साडेपाचशेहून अधिक प्रोटिएज आहेत आणि बहुतेक मोठ्या घराण्यांत निदान एक तरी निष्क्रिय नातलग सापडतो.

परजीवींमध्ये यांचं काय काम?

खरजेचा कीडा त्वचेत बीळ करून राहतो. तिथे आपल्या शरीराची कॉम्प्लिमेंट ही रोगप्रतिकारक प्रथिनांची यंत्रणा त्याच्यावर आणि त्याच्याभोवतीच्या जिवाणूंवर धावून येते. या किड्याच्या आतड्यात एस१ घराण्याचे अनेक निष्क्रिय नातलग तयार होतात, विष्ठेबरोबर बाहेर पडतात आणि कॉम्प्लिमेंटच्या घटकांना चिकटून ती साखळी थोपवतात. मलेरियाच्या प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरममध्ये सेरा ५ या प्रथिनात कापणाऱ्या सिस्टीनच्या जागी सिरीन आहे. लाल पेशी फोडून परजीवी बाहेर पडतो त्या टप्प्यात ते लागतं, पण कापण्यासाठी नाही.

माझ्या हातातला क्रम स्यूडोप्रोटिएजचा आहे का, हे संगणकावर कसं तपासू?

यूनिप्रॉटमधून मुख्य आयसोफॉर्मचा पूर्ण क्रम घ्या, इंटरप्रोमध्ये घराणं पाहा, मग त्याच घराण्यातली दहा-पंधरा खात्रीची सक्रिय विकरं घेऊन क्लस्टल ओमेगा किंवा मॅफ्टवर मांडणी करा. फक्त एका ट्रिप्सिनशी जुळवू नका. दोनच क्रम असले की गॅप भलतीकडे बसतात आणि हिस्टिडीन हरवल्यासारखं वाटतं. एस१ घराण्यात सिरीनच्या आजूबाजूचा जीडीएसजीजीपी हा तुकडा आणि हिस्टिडीनजवळचा टीएएएचसी हा तुकडा डोळ्यांनी शोधा. किडे-कीटकांच्या निष्क्रिय नातलगांत पहिल्या तुकड्यातला एस जाऊन जी झालेला वारंवार दिसतो.

मग संरचना. अल्फाफोल्डचं मॉडेल आणि ट्रिप्सिनची प्रत्यक्ष संरचना कायमेराएक्समध्ये एकावर एक बसवा. सिरीनचा ऑक्सिजन आणि हिस्टिडीनचा नायट्रोजन यांत सुमारे ३ ॲंगस्ट्रॉम अंतर हवं. पण मॉडेलवर निकाल देऊ नका. अल्फाफोल्ड झायमोजेनलाही कधी कधी जागं झाल्यासारखं दाखवतं, आणि साध्या मॉडेलमध्ये झिंक नसतं, फक्त ते धरणारी अमिनो आम्लं दिसतात.

चुका होतात त्या ठरलेल्या. जनुकाचं भाकीत चुकून एक एक्सॉन गळलेला असतो आणि त्यातच हिस्टिडीन असतं. आरएनए सिक्वेन्सिंगचा पुरावा पाहिल्याशिवाय ‘हरवलं’ म्हणू नये. सिग्नल पेप्टाइड धरून आणि न धरून क्रमांक वेगळे येतात. आणि डेटाबेसमध्ये ‘सिरीन एंडोपेप्टिडेज क्रिया’ असा शेरा घराण्यावरून आपोआप चिकटतो: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. उलटही घडतं: नावात ‘इनॲक्टिव्ह’ आहे म्हणून कुणी तपासलेलंच नसतं.

प्रयोगशाळेत ‘कापत नाही’ हे सिद्ध कसं करायचं?

आधी प्रथिन नीट घडलेलं आहे हे दाखवा. एस१ घराण्याच्या भागात डायसल्फाइड बंध असतात, ई. कोलायच्या पेशीद्रवात ते बनवलं तर बहुधा गोळे होऊन बसतं. कीटकपेशी किंवा एचईके२९३ पेशींतून बाहेर टाकलेलं प्रथिन बरं. जेल फिल्ट्रेशनवर एकच शिखर, तापवल्यावर एका ठरावीक तापमानाला उलगडणं, एवढं तरी हवं. बिघडलेलं प्रथिन कापत नाही, हा काही शोध नव्हे.

झायमोजेनच्या रूपात असेल तर जागं करून तपासा, आणि जागं करणाऱ्या विकराचा एकट्याचा कंट्रोल ठेवा. साधी मांडणी अशी: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, १५० मिलिमोलर मीठ, ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ०.०१ टक्के ट्वीन-२०. तपासायचं प्रथिन १ मायक्रोमोलर, एएमसी (कापून सुटलं की चमकणारा रंग) जोडलेला पेप्टाइड १०० मायक्रोमोलर, ९६ खणांच्या काळ्या प्लेटमध्ये दर खणात १०० मायक्रोलिटर. ३८० नॅनोमीटरला उत्तेजन, ४६० ला वाचन, दर मिनिटाला, दोन तास. शेजारच्या खणांत १ नॅनोमोलर ट्रिप्सिन. मोकळ्या एएमसीची ० ते १० मायक्रोमोलर प्रमाणरेषा त्याच प्लेटवर काढा, म्हणजे ‘क्रिया नाही’ ऐवजी ‘ट्रिप्सिनच्या इतक्या भागांहून कमी’ असं आकड्यात लिहिता येईल.

पेप्टाइड एकच घेऊ नका. खरं सक्रिय विकर आवडीचा क्रम समोर नसेल तर कापत नाही. सोबत फ्लुओरोफॉस्फोनेट जोडलेला रंग १ ते २ मायक्रोमोलर, अर्धा तास लावून जेलवर पाहा. तो सक्रिय सिरीनलाच चिकटतो, झोपलेल्या झायमोजेनला नाही.

माझं ‘निष्क्रिय’ प्रथिन थोडं कापतंय. आता?

बहुतेक वेळा ती भेसळ असते. गणित करून पाहा. तुमचं प्रथिन १ मायक्रोमोलर आहे आणि त्यात ०.१ टक्का ट्रिप्सिनसारखं काही मिसळलंय, म्हणजे १ नॅनोमोलर. त्या विकराचा एक रेणू सेकंदाला ५० पेप्टाइड कापतो असं धरलं तर मिनिटाला ३ मायक्रोमोलर एएमसी सुटेल. प्लेट रीडरला हे ढळढळीत दिसतं, आणि ०.१ टक्का भेसळ रंगवलेल्या जेलवर दिसतही नाही.

सर्वांत खात्रीचा कंट्रोल म्हणजे त्याच पद्धतीने, त्याच दिवशी बनवलेलं उत्परिवर्तित रूप, ज्यात उरलंसुरलं कापणारं अमिनो आम्लही बदललंय. तेही तितकंच कापत असेल तर कापणारा दुसरा कुणीतरी आहे. मग इनहिबिटर: सिरीनसाठी एईबीएसएफ १ मिलिमोलर, सिस्टीनसाठी ई-६४ १० मायक्रोमोलर, धातूसाठी ईडीटीए ५ मिलिमोलर, ॲस्पार्टेटसाठी पेप्स्टॅटिन १ मायक्रोमोलर. पीएमएसएफ वापरत असाल तर ते पाण्यात टिकत नाही. पीएच ८ आणि २५ अंशाला अर्धं सुमारे ३५ मिनिटांत संपतं. सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरलं तर ते नसल्यातच जमा.

लहान पेप्टाइड कापलं जातंय पण केसिनसारखं मोठं प्रथिन नाही, असं दिसलं तर सीरमातल्या अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिनचा संशय घ्या. ते प्रोटिएजला पिंजऱ्यात धरतं. लहान पेप्टाइड जाळीतून आत जातात, मोठी प्रथिनं नाहीत. सीरमविरहित माध्यमात प्रथिन पुन्हा बनवा.

हरवलेलं अमिनो आम्ल परत बसवलं तर धार परत येते?

क्वचित, आणि आली तरी पुसट. एकदा कापण्याची सक्ती सुटली की बाकीच्या जागाही हळूहळू बदलतात: ऑक्सिॲनायन पोकळी (कापताना ऑक्सिजनवर येणारा ऋण भार सावरणारी जागा), पेप्टाइडची बाजूची साखळी बसते तो खिसा, आजूबाजूचे वळसे. खरजेच्या किड्याच्या प्रथिनांत पेप्टाइड बसायची खाचच बुजलेली आहे. तरी प्रयोग करून पाहण्यासारखा आहे, कारण धार आली तर बाकी ढाचा शाबूत असल्याचं कळतं. न आल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही.

निष्क्रिय म्हणून नोंदलेलं पुढे सक्रिय निघालंय का?

निघालंय. युबिक्विटिन (प्रथिनांवर खूण म्हणून जोडलं जाणारं छोटं प्रथिन) काढणाऱ्या प्रोटिएजच्या यूएसपी घराण्यातले यूएसपी५३ आणि यूएसपी५४ बराच काळ निष्क्रिय धरले जात. ते युबिक्विटिनच्या फक्त एका प्रकारच्या, के६३ जोडणीच्या साखळ्यांवर काम करतात, आणि नेहमीच्या चाचणीत तो सब्सट्रेट नसायचा. त्याच घराण्यातलं पॅन२ मात्र खरोखर निष्क्रिय. म्हणून निष्कर्षात कोणत्या सब्सट्रेटवर, किती मर्यादेपर्यंत हे लिहायलाच हवं.

पेशींमध्ये याचा अभ्यास करताना काय चुकतं?

जनुक पूर्ण उडवलं की धार आणि पकड दोन्ही जातात, आणि काय कशामुळे झालं ते कळत नाही. नॉकआउटच्या जोडीला पकड बिघडवणारं एकेका अमिनो आम्लाचं उत्परिवर्तन हवं, आणि मूळ रूप परत घातल्यावर दोष भरून निघतो हेही दाखवायला हवं. तेही नैसर्गिक पातळीच्या जवळपास, कारण सी-फ्लिपसारखं प्रथिन भरमसाट बनवलं की उलटाच परिणाम दिसतो. प्रथिननिर्मिती थांबवणारं सायक्लोहेक्सिमाइड वापरत असाल तर लक्षात ठेवा, सी-फ्लिप अल्पायुषी आहे आणि सर्वांत आधी तेच संपतं.

भावंड भरपाई करतं. आयरॉम २ फायब्रोब्लास्टमधून काढून ‘काही फरक नाही’ असं लिहिण्याआधी आयरॉम १ आहे का पाहा. ॲडम १७ चा वेस्टर्न ब्लॉट करताना लायसिस बफरमध्ये झिंक काढून घेणारं फेनँथ्रोलिन १० मिलिमोलर घाला. नाहीतर पेशी फुटताच पक्व विकर स्वतःलाच कापतं, फक्त १२० किलोडाल्टनच्या आसपासचं कच्चं रूप उरतं, आणि आयरॉम नसल्यासारखंच चित्र आयरॉम असलेल्या पेशींतही दिसतं.

औषधांसाठी यांचा उपयोग आहे?

कापणारी जागा अडवणारं लहान रेणूंचं औषध इथे निरुपयोगी, कारण अडवायला काही नाहीच. पकड सोडवावी लागते किंवा प्रथिन कमी करावं लागतं. पीसीएसके९ वरची प्रतिपिंडं, ॲलिरोक्युमॅब आणि एव्होलोक्युमॅब, २०१५ मध्ये मान्य झाली. ती एलडीएल रिसेप्टरवरची पकड रोखतात. ॲपो(ए) साठी यकृतातलं त्याचं उत्पादनच घटवणारी आरएनएवर काम करणारी औषधं चाचण्यांमध्ये आहेत. आयरॉम २ च्या पेशीद्रवातल्या शेपटीत बदल झालेल्या कुटुंबांत तळहात-तळपायांची त्वचा जाड होते आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. तिथे अडचण अशी की आयरॉम पूर्ण बंद केला तर टीएनएफची वाटही बंद होते, आणि ती संसर्गाशी लढायला लागते.